नुसतं खेळण्याचा हक्क

आजवरच्या अंकांमधून आपण पाण्यावर लिहिलं, रेशनवर लिहिलं. पोटगी, हुंडा, सातबाऱ्यावर बाईचं नाव, दारूचे गुत्ते या साऱ्यावर लिहिलं. खेळावर मात्र आपण फारसं लिहिलेलं नाही. त्याचं कारण उघड आहे. ज्या तालुक्यातून दिवाळी सरता सरता गावंच्या गावं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात बायकांचा दिवस जातो, तिथे 'मुलींचा खेळ' हा विषय चैनीचा वाटतो. आधी पोटाचं बघू, मग खेळाचं, असं आपल्यालाही मनातून वाटत असतं.

पण बचत गटाच्या नोंदवहीत 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. तो रकाना नीट वाचला की त्या गावातल्या बायकांचा सगळा संसार समोर येतो. शेळी, दवाखाना, बियाणे, शिलाई मशीन, मुलीचे लग्न, दीर वारला. अलीकडे 'मुलाचा क्लास' हे कारणही पुष्कळदा दिसतं. पाथर्डीतल्या एका गटाच्या वहीत दोन वर्षांपूर्वी सचिव बाईंनी एका ओळीत लिहिलं होतं – 'मुलीचे फुटबॉल'. रक्कम चार हजार. गटात त्यावर बरीच चर्चा झाली होती म्हणे. "चेंडूला चार हजार?" असं एकीनं विचारलं, तर कर्ज मागणारी म्हणाली, "चेंडू त्यांचाच असतो, बूट आपले लागतात."

त्या ओळीमागे एक कुटुंब आहे. त्यांची हकीगत त्यांच्या परवानगीनं, पण ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे सांगते आहे. कारण ती ऐकल्यापासून मुलींच्या खेळाकडे बघण्याची आपली – म्हणजे चळवळीतल्या बायकांचीसुद्धा – पद्धत पुन्हा तपासून बघावी असं मला वाटू लागलं आहे.

वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं छोटं गॅरेज. आई घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. घरात आजी, थोरला मुलगा, मधली मुलगी, धाकटी मुलगी. पाथर्डी काही फुटबॉलचं गाव नव्हे. इथे कुस्ती आणि कबड्डी. जत्रांचे हगामे, त्यातली इनामं, हे इथल्या माणसांच्या रक्तातलं. पण शाळेत एक उत्साही क्रीडाशिक्षक आले आणि त्यांनी मुलांना फुटबॉलचं वेड लावलं. या घरातल्या मुलालाही ते लागलं. नगरला – आता अहिल्यानगर म्हणायचं – मोठी मैदानं आहेत, क्लब आहेत. शनिवार-रविवारी तिथे सरावाला जायचं, महिन्याची फी भरायची, शिवाय स्पर्धेची फी वेगळी, गणवेश वेगळा. पाथर्डीहून नगर सुमारे पन्नास किलोमीटर. मध्ये करंजीचा घाट. मुलगा चौदा वर्षांचा होता. 'जातोय तर जाऊ दे, मुलगा आहे,' एवढ्या एका वाक्यात घरातला निर्णय झाला.

मधली मुलगी खेळायला लागली ती भावाच्या सोयीसाठी. त्याला घरी सराव करायचा तर समोर कुणीतरी हवं. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन रिकामे डबे ठेवून ही गोलात उभी राहायची. वर्षभरात असं झालं की तिला चुकवून गोल करणं भावाला जमेना. पुढे शाळेच्या मुलींच्या संघात तिला घेतलं, तालुक्यातून संघ जिल्ह्याला गेला, आणि तिथे तिचा खेळ बघून नगरच्या एका क्लबकडून विचारणा आली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची.

मुलाच्या वेळी जो निर्णय एका वाक्यात झाला, त्याला मुलीच्या वेळी तीन आठवडे लागले. आजी म्हणाली, पोरीची जात, पाय मोडला तर पदरात कोण घेईल. वडील म्हणाले, हाफ पँट घालावी लागेल का? चुलत्यांना विचारलं, मामाला विचारलं. आई ठाम राहिली आणि शेवटी परवानगी मिळाली. पण अटीसह. मुलीनं एकटीनं जायचं नाही, आईनं सोबत जायचं. भाऊ त्याच गावाला, त्याच दिवशी जात होता. पण त्याच्या सरावाची वेळ वेगळी, मैदान वेगळं. बहिणीसाठी तीन तास थांबायचं म्हणजे त्याला कमीपणा. तेव्हा सोबत आईच.

मैत्रिणींनो, इथून पुढचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून आपण मांडू. शनिवार-रविवार हे शिवणकामाचे गर्दीचे दिवस. बाजाराला आलेल्या बाया त्याच दिवशी कापड टाकतात, त्याच दिवशी ब्लाऊज नेतात. ते दोन दिवस आईचं मशीन बंद. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून निदान प्रवास परवडला. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो खरा, पण तो गाव ते शाळा एवढाच. मैदानापर्यंत पोचवणारा पास अजून कुणी काढलेला नाही. पुढे २०२४च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये आईच्या खात्यात येऊ लागले, ते आले तसे क्लबच्या फीला गेले. मुलाची फी मात्र गॅरेजच्या गल्ल्यातून जात होती. म्हणजे मुलाचा खेळ हा घराचा खर्च, आणि मुलीचा खेळ हा आईचा खर्च! ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती. ती आपोआप झाली. आपल्या घरांमधल्या बहुतेक वाटण्या अशाच आपोआप होतात.

आणखी एक नोंद राहिली. आई आणि मधली मुलगी दोघी पहाटे निघून गेल्यावर आजीचं औषधपाणी, वडिलांचा डबा, पाणी भरणं हे सगळं कुणी केलं? धाकटीनं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. भाकरी करायला ती त्याच वर्षी शिकली. एका बहिणीच्या पायात बूट आले आणि दुसरीच्या हातात परात आली. मुलगी मैदानावर गेली म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा घरात तिची जागा कुणी घेतली हेही विचारायला हवं. ती जागा बापानं घेतली, भावानं घेतली, तर घर बदललं म्हणायचं. दुसऱ्या मुलीनं घेतली तर फक्त पाळी बदलली.

मुलगी खेळली, चांगली खेळली. क्लबमध्ये दोन संघ – अ आणि ब. दर हंगामाला निवड व्हायची. ती पहिल्याच वर्षी अ संघात गेली. आणि घरातलं हवामान पालटलं. हाफ पँटची काळजी करणारे वडील आता रविवारी गॅरेज बंद ठेवून सामन्याला जाऊ लागले. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडू लागले. तिथले सगळेच बाप ओरडत होते. परतीच्या एसटीत कुठला पास चुकला, कुठे धावायला उशीर झाला, याचा पाढा. घरी जेवताना तोच विषय. संघ एका स्पर्धेत जिंकला तेव्हा चौकात मुलीच्या फोटोचा फ्लेक्स लागला. त्यावर वडिलांचं, चुलत्यांचं, मामाचं नाव होतं. आईचं नव्हतं. ज्या काळात मुलीच्या मागे कुणी नव्हतं त्या काळात एकटी उभी राहिलेली बाई फ्लेक्सवर मावली नाही.

वडिलांना मी दोष देत नाही. मुलीचा अभिमान वाटणारा बाप आपल्या भागात अजून दुर्मीळच आहे. पण हा अभिमान कुठे रोवलेला आहे हे पुढच्या वर्षी कळलं. मुलगी पंधरा वर्षांची झाली. शरीर बदललं. पाळीच्या दिवसांत पोट दुखायचं, आणि मैदानावर बायकांसाठी धड संडास नव्हता. खेळताना घालायची ब्रा गावात मिळत नव्हती. हे बोलायचं कुणाशी? प्रशिक्षक पुरुष. त्यातच गुडघा दुखावला, दोन महिने सराव बुडाला. नव्या हंगामाच्या यादीत तिचं नाव ब संघात गेलं. वाईट तर वाटलंच, पण ते तिचं तिनं सोसलं असतं. घरात मात्र वडील म्हणाले, "एवढा पैसा पाण्यात." आणि महिन्याभरात आत्याकडून एक स्थळ आलं.

आई आमच्या समुपदेशन केंद्रात आली ती या स्थळामुळे. मारहाणीची तक्रार नव्हती, दारूची नव्हती. ती म्हणाली, "ताई, पोरगी खेळत होती तवर तिच्या लग्नाचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. आता सगळे म्हणतात, खेळ झाला ना आता." आम्ही वडिलांशी बोललो. त्यांचंही उत्तर हेच होतं, फक्त दुसऱ्या बाजूनं. "लोक इतके दिवस बोलत होते, मी ऐकलं नाही. सांगत होतो, पोरगी राज्याला खेळणार. आता काय सांगू?"

या दोन वाक्यांवर मला या अंकात आपलं लक्ष वेधायचं आहे. त्या घरात खेळ हा मुलीचा हक्क नव्हताच. ती एक सवलत होती, मुदतीची आणि अटीवरची. पदक आणशील तोवर खेळ. निवड होत राहील तोवर शीक, फीर, पँट घाल, उशिरा ये. निवड हुकली की सवलत संपली. ज्या मुलीला हरल्यावर लग्नाला उभं राहावं लागतं, ती मैदानावर काय भावनेनं उतरत असेल? तिच्यासमोर अकरा मुली असतात, आणि अकरांच्या मागे एक मांडव असतो.

आणि भावाचं काय झालं? तो दीड वर्षात क्लबला कंटाळला. अ संघात तो कधी नव्हताच. एका शनिवारी उठला नाही, पुढच्या शनिवारीही उठला नाही, आणि खेळ सुटला. 'पैसा पाण्यात' असं कुणी म्हणालं नाही. आता तो संध्याकाळी मित्रांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो, वाईट खेळतो, मजेत असतो. त्याला खेळण्यासाठी कुणाचीही, कसलीही सिद्धता द्यावी लागत नाही. गावागावात शेकडो पुरुष आयुष्यभर वाईट क्रिकेट खेळतात. वाईट खेळणारी एक तरी बाई तुम्ही गावच्या मैदानावर पाहिली आहे का?

स्पर्धेनं मुलींना काय दिलं हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्याची भाग्यश्री फंड २०२५च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा नगरच्या अनेक घरांत मुलींनी वडिलांना तालमीचं विचारलं असणार. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होते आहे. बायकांची पहिली झाली ती २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला. सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. बासष्ट वर्षांचं हे अंतर काही मुलींच्या अंगात ताकद नव्हती म्हणून पडलं नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. त्याच्या जोरावर कितीतरी मुली पोलिसात गेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. गरीब घरातल्या मुलीला स्पर्धा हा एक दरवाजा आहे, आणि तो उघडा राहिलाच पाहिजे.

पण दरवाजातून आत जातात त्या थोड्या. बाकीच्या कुठे जातात? शाळेच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. प्रत्येक पायरीवर एक संघ पुढे जातो आणि बाकीचे सगळे घरी. आपल्या तालुक्यात तर आणखी एक चाळणी आहे. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला निघतात तेव्हा संघातल्या काही मुली त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही मागे राहून म्हाताऱ्यांचं आणि धाकट्यांचं करतात. संघ हरल्यामुळे फुटत नाही, कोयत्यामुळे फुटतो. या मुलींसाठी 'निवड' हा शब्दच खोटा आहे. आणि महाराष्ट्रात लग्नाची घाई किती आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगितलेलंच आहे. २०१९-२१च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाचातली एक. फुटबॉलच्या संघात अकराजणी असतात, म्हणजे दर संघातल्या दोघी.

बायकांच्या फुटबॉलचा इतिहास वाचला तर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पुरुष लढाईवर गेले आणि तोफगोळ्यांच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. त्यांनी कारखान्यांच्या आवारात फुटबॉल सुरू केला. प्रेस्टन गावच्या डिक-कर कारखान्यातल्या कामगार बायकांचा संघ एवढा गाजला की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांच्या सामन्याला ५३ हजार लोक आले. त्यानंतर वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच, ५ डिसेंबर १९२१ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी केली. हा खेळ बायकांना योग्य नाही, हे कारण. ती बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. खेळ चालला नाही म्हणून तो बंद पडला नव्हता, चालला म्हणून बंद पाडला गेला.

आपल्याकडे बंदी कुणी घातली नाही, दुर्लक्ष पुरेसं पडलं. १९८० साली कालिकतला झालेल्या बायकांच्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा १९८३ साली भारतीय संघ उपविजेता होता, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? त्यानंतरची कित्येक वर्षं वाया गेली. २०२५च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, तेव्हा कुठे पुन्हा बातमी झाली. २०२२ मध्ये मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, अंतिम सामना नवी मुंबईत. त्या वेळच्या भारतीय संघाची कर्णधार अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरीला होते. आपल्या देशात मुलीच्या खेळाचा गौरव कसा होतो, हे सांगायला याहून वेगळं उदाहरण नको.

आपल्याला वाटेल, श्रीमंत देशात हे प्रश्न नसतील. माझ्या मावसबहिणीचं कुटुंब अमेरिकेत असतं. तिची मुलगी तिथल्या क्लबकडून सॉकर खेळते – तिथे फुटबॉलला सॉकर म्हणतात. १९७२च्या कायद्यानं तिथल्या सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना खेळात डावलणं बेकायदा झालं, त्यामुळे मुली मोठ्या संख्येनं खेळतात, हे खरंच. पण क्लबचा खेळ हा पैसे मोजून घ्यायचा. वर्षाला काही हजार डॉलर, प्रत्येक शनिवार-रविवार दुसऱ्या गावी सामना. मोटार चालवणार कोण, डबे भरणार कोण? बहीण म्हणते, "माझी नोकरी अर्धवेळ झाली ती पोरीच्या सॉकरमुळे." आठ वर्षांच्या मुलींच्या याद्या लागतात, नाव नसलं की मुली रडतात, आईबाप एकमेकींच्या मुलींचा हिशेब करतात. तिथल्या बायकांच्या राष्ट्रीय संघानं चारदा विश्वचषक जिंकला, तरी पुरुषांच्या बरोबरीच्या मोबदल्यासाठी त्यांना २०१९ मध्ये कोर्टात जावं लागलं, आणि २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. पाथर्डी आणि अमेरिका यांच्यात फरक पुष्कळ आहे. पण शनिवार-रविवार कुणाचा जातो, याचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

आता एका कठीण विषयाकडे वळते. मुलीबरोबर आईनंच जावं, अशी अट वडिलांनी घातली. ती अट संशयातून आली, पण तिच्या मुळाशी असलेली भीती सर्वस्वी खोटी नाही. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा आपला संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावं लागलं. २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक यांच्यासारख्या नामवंत कुस्तीगीर मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप होते. २०२४च्या मे महिन्यात न्यायालयानं आरोप निश्चित केले. जगात पदक मिळवलेल्या मुलींना दाद मागण्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं, तर ब संघातल्या मुलीचं काय?

यावर आपल्या समाजाचं उत्तर ठरलेलं आहे – मुलीला पाठवूच नका. आपलं उत्तर वेगळं असायला हवं आणि त्यासाठी कायदा आपल्या बाजूला आहे. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत खेळाची संस्था, मैदान, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे स्पष्ट शब्दांत आलेलं आहे. तक्रार करणारी नोकरीत असली पाहिजे अशी अट नाही, वयाची अट नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर संस्थेला अंतर्गत समिती नेमावी लागते. न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२चा पॉक्सो कायदा लागू होतो, आणि त्यात गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, मग तो क्लबचा चालक असो की शाळेचा. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असावा.

म्हणून क्लबात मुलीचं नाव घालताना फी किती एवढंच विचारू नका. मुलींना शिकवायला बाई आहे का, विचारा. समितीत कोण कोण आहे, त्यांची नावं कुठे लावली आहेत, विचारा. परगावच्या स्पर्धेला मुली राहतात कुठे, सोबत कोण जातं, संडास आणि कपडे बदलायची जागा आहे का, हे विचारा. एकीनं विचारलं तर ती भांडखोर ठरते. पाच आयांनी मिळून विचारलं तर ती पालकसभा होते.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. स्थळ परत गेलं. बालविवाह प्रतिबंधाचा २००६चा कायदा आम्ही वडिलांना समजावून सांगितला. पण केवळ कायद्याच्या धाकानं ते झालं असं मला वाटत नाही. तिसऱ्या बैठकीत आईनं वडिलांना सरळ विचारलं, "पोरानं खेळ सोडला तवा त्याचं लगीन का नाही लावलं?" वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. बारावी होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. क्लब मात्र सुटला. गुडघा अजून त्रास देतो आणि आईला आपलं मशीन शनिवारी बंद ठेवणं परवडत नाही. धाकटी शाळेच्या कबड्डीत जायचं म्हणते आहे, आणि या वेळी परात कुणाकडे जाणार, यावर घरात वाद सुरू आहे. तो वाद सुरू झाला, हेही मी कमी मानत नाही.

मी मुलीला विचारलं, क्लब सुटल्याचं वाईट वाटतं का. ती म्हणाली, "निवडीचं टेन्शन गेलं, ते बरंय. पण खेळायला कुठंच मिळत नाही." शाळेचं मैदान शाळा सुटली की मुलांच्या ताब्यात जातं. मुलगी तिथे गेली तर 'कशाला आली' हा प्रश्न. क्लबमध्ये खेळायचं तर निवड व्हायला हवी, आणि निवड झाली नाही तर घर. या दोहोंच्या मध्ये मुलीला नुसतं खेळायला, धावायला, पडायला, हसायला पाथर्डीसारख्या गावात एक वीतभर जागा नाही.

आपल्या मागण्यांच्या यादीत ही एक मागणी घालू या. प्रत्येक शाळेच्या मैदानावर आठवड्यातले निदान तीन दिवस, संध्याकाळचा एक तास, मुलींचा. त्यात निवड नाही, यादी नाही, फी नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं यावं तसं सव्वीस वर्षांच्या सुनेनंही यावं. मैदानाला दिवा, पाणी आणि संडास. गटातल्या दोघीजणी आळीपाळीनं हजर. यासाठी शासनाच्या मोठ्या योजनेची वाट बघायला नको, शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव पुरतो. त्या समितीत पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात, हे लक्षात असू द्या. आमच्या पाथर्डीतल्या दोन गटांनी असा अर्ज एका शाळेकडे दिलेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर आम्ही पुन्हा जाऊ.

तुमच्या गावात मुलींना असं मैदान आहे का, तुमच्यापैकी कुणी लहानपणी खेळत होत्या आणि तो खेळ कधी, कशानं सुटला, धाकटीच्या हातात परात कशी आली, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात काही पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत. पदक मिळवलेल्यांनी तर लिहावंच. पण पदक न मिळालेल्यांनी आवर्जून लिहावं, कारण संख्येनं आपणच जास्त आहोत.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने